अक्षराखालची नागमोडी रेघ

एका प्रचंड दगडी दालनाच्या मधोमध लाकडी ओटा आहे. पायऱ्या चढून त्यावर गेले की मेज, पुस्तकांची फडताळे, आणि मेजाशी तांबड्या झग्यात बसलेला एक माणूस. दोन्ही हात पुढे करून तो पुस्तकाचे पान सांभाळतो आहे. ओट्यावर एक मांजर अंग चोरून बसले आहे, पुढच्या उंबऱ्यावर मोर उभा आहे आणि उजव्या बाजूच्या अंधारातून एक सिंह चालत येतो आहे. माणसाचे त्यांच्यापैकी कोणाकडेच लक्ष नाही. पायऱ्यांच्या तळाशी त्याचे जोडे काढून ठेवलेले आहेत.

आंतोनेल्लो दा मेस्सिना या इटालियन चित्रकाराने 1475च्या सुमारास रंगवलेले हे संत जेरोमचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. उंची जेमतेम 46 सेंटीमीटर. म्हणजे इतके मोठे दालन एका मध्यम पाटीएवढ्या फळीत मावले आहे. मी ते छापील रूपातच पाहिले आहे, पण इतक्या वेळा की डोळे मिटले तरी पहिल्यांदा ते जोडे दिसतात. विद्वानाची आपल्या मनातली प्रतिमा बहुतांशी अशीच असते: माणूस एकटा, भोवती शांतता, हाताशी ग्रंथ, आणि जगाची धूळ पायऱ्यांखाली काढून ठेवलेली. 1513च्या डिसेंबरात फ्लॉरेन्सचा राजकीय विचारवंत मॅकियाव्हेली मित्राला लिहिलेल्या पत्रात सांगतो की संध्याकाळी घरी आल्यावर तो चिखलाने माखलेले कपडे उंबऱ्याशी उतरवतो, दरबारी पोशाख चढवतो आणि मग प्राचीन लोकांशी बोलायला अभ्यासिकेत शिरतो. पुढचे चार तास त्याला कसलीही विवंचना आठवत नाही. त्याचे उतरवलेले कपडे आणि जेरोमचे जोडे एकाच जागी पडलेले असावेत, असे मला नेहमी वाटते.

ही प्रतिमा मला प्रिय आहे आणि तिने मला बरीच वर्षे फसवलेही आहे. विद्वान होणे म्हणजे त्या ओट्यावर चढणे, एकदा चढले की सारे ठाऊक असणे, आणि ते ठाऊक असणे एकट्याच्या बळावर असणे, अशी माझी समजूत होती. चित्रकाराने काय काय वगळले आहे हे जसजसे कळत गेले, तसतसा तो ओटा गजबजलेला दिसू लागला.

या जेरोमचेच पाहू. चौथ्या-पाचव्या शतकातल्या या माणसाने बायबलचे लॅटिन भाषांतर केले, आणि जुन्या करारासाठी आधीच्या ग्रीक भाषांतरावर न विसंबता तो मूळ हिब्रूपर्यंत गेला. पण हिब्रू त्याला शिकवली कोणी? तोच एका पत्रात सांगतो की बेथलेहेममध्ये त्याचा एक यहुदी शिक्षक होता, बारानिना नावाचा. स्वतःच्या लोकांच्या भीतीने तो रात्री लपतछपत शिकवायला येत असे. शिवाय पाउला नावाची रोममधली एक श्रीमंत विधवा आपले ऐश्वर्य सोडून बेथलेहेमला आली होती. तिथल्या मठाचा खर्च तिने उचलला, इतकेच नव्हे तर तीही हिब्रू शिकली, आणि जेरोमच्याच सांगण्याप्रमाणे स्तोत्रे हिब्रूत अशी म्हणू लागली की उच्चारात लॅटिनचा वासही येऊ नये. मजकूर उतरवून घेणारे लेखनिक होते ते वेगळेच. म्हणजे त्या शांत दालनात खरे तर बरीच माणसे असायला हवीत: दाराशी कानोसा घेत उभा असलेला रात्रीचा शिक्षक, पाठ म्हणून दाखवणारी विद्यार्थिनी, बोटांना शाई लागलेले दोघे-तिघे. चित्रकाराने त्यांच्याऐवजी मोर रंगवला. मोराबद्दल माझी तक्रार नाही, पण बारानिना मला हवा होता.

याच जेरोमचे आणखी एक प्रसिद्ध चित्र आहे, आल्ब्रेख्त ड्यूररने 1514 साली ताम्रपटावर कोरलेले. त्यात गोल काचांच्या खिडकीतून ऊन येते आहे, सिंह आणि कुत्रा पेंगत आहेत, खिडकीत कवटी आहे, भिंतीवर वाळूचे घड्याळ आहे. हे सारे ठरलेले सामान. विद्वानाच्या खोलीत कवटी आणि घड्याळ नसेल तर चित्राला वजन येत नाही, असा त्या काळचा दंडकच असावा. पण वर उजवीकडे, छताच्या तुळईला, एक भलामोठा भोपळा टांगलेला आहे. त्याचा तिथे काय संबंध?

कलेच्या इतिहासकारांपैकी काहींनी त्याचा संबंध एका शब्दाच्या भांडणाशी जोडला आहे, आणि मला तो पटतो. बायबलातल्या योनाच्या गोष्टीत देव त्याच्यावर सावली धरण्यासाठी एका रात्रीत एक झाड उगवतो. जुन्या लॅटिन भाषांतरात ते झाड म्हणजे भोपळ्याचा वेल होता. जेरोमने भोपळा काढून तिथे आयव्ही ही दुसरी वेल घातली. आजच्या त्रिपोलीच्या जागी तेव्हा ओएआ नावाचे गाव होते. तिथल्या बिशपने हे नवे भाषांतर प्रार्थनेत वाचले आणि पिढ्यान् पिढ्या भोपळा ऐकत आलेल्या लोकांनी गोंधळ घातला. आपली मंडळी टिकवायची तर शब्द मागे घ्यावा लागेल, अशी बिचाऱ्या बिशपवर वेळ आली. हा सारा प्रकार उत्तर आफ्रिकेतला दुसरा एक बिशप, ऑगस्टिन, याने इ.स. 403च्या सुमारास जेरोमला पत्राने कळवला. जेरोमचे उत्तर वाचताना राग, थट्टा आणि विद्वत्ता एकमेकांत मिसळलेली दिसते, पण मुद्दा साधा आहे: त्या झाडाला लॅटिनमध्ये नावच नाही. हिब्रू शब्द तसाच ठेवला असता तर कोणाला कळले नसते, भोपळा लिहिला असता तर हिब्रूत नाही ते लिहिल्यासारखे झाले असते, म्हणून आधीच्या काही भाषांतरकारांच्या मागे जाऊन त्याने आयव्ही लिहिली.

म्हणजे आयव्हीही बरोबर नव्हतीच, आणि ते त्याला माहीत होते. ते झाड एरंड असावे असे आज अनेक अभ्यासक मानतात. मराठी वाचकाला इथे हसू आवरणार नाही, कारण एरंडाचे गुऱ्हाळ म्हणतात ते शब्दशः याहून वेगळे काय असणार? माझ्या मते मात्र विद्वत्तेचे सगळे जगणे याच भोपळ्यात टांगलेले आहे. एका शब्दापाशी माणूस अडतो. प्रचलित शब्द चुकीचा आहे हे त्याला कळते, पण नेमका शब्द त्याच्याकडेही नसतो. जग त्याच्याकडून निकाल मागते आणि त्याच्या हाती असतो तो केवळ अंदाज. अंदाजाला अंदाज म्हणून कसे लिहायचे, हा खरा प्रश्न असतो, आणि जेरोमजवळ तशी खूण नव्हती.

अशी एक खूण मला पुढे भेटली, ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत. संहितेच्या श्लोकांखाली कुठे कुठे एक बारीक नागमोडी रेघ छापलेली आहे. पहिल्यांदा मला ती छपाईतला दोष वाटली. मग प्रस्तावना वाचल्यावर कळले की ज्या शब्दाबद्दल किंवा ज्या अक्षराबद्दल संपादकाची पुरती खात्री नाही, त्याच्याखाली ती काढलेली आहे. पोथ्यांतून मिळालेल्या पाठांपैकी हा बरा वाटतो म्हणून स्वीकारला, पण शपथेवर सांगत नाही, असा तिचा अर्थ. पुढे त्या आवृत्तीचे खंड चाळताना मी कथा बाजूला ठेवून नुसत्या त्या रेघा शोधत बसल्याचेही मला आठवते.

त्या रेघेपर्यंत पोचण्याचा मार्ग पाहण्यासारखा आहे. उभ्या-आडव्या रेघांनी आखलेला फुलस्केप कागद घ्यायचा. वरच्या ओळीत एका जुन्या छापील मुंबई आवृत्तीतला श्लोक ठळक अक्षरात लिहायचा. खालची एकेक ओळ एकेका पोथीला द्यायची, आणि त्या पोथीत जिथे जिथे वेगळे अक्षर असेल तिथे ते नेमके मूळ अक्षराच्या खालच्या रकान्यात भरायचे. जास्तीचे श्लोक आणि शेरे यांसाठी उजवीकडे समास सोडलेला असायचा. देवनागरी, शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा लिप्या वाचणारे शास्त्री आणि पदवीधर हे काम करत होते. प्रत्येक भागासाठी किमान 10 पोथ्या ताडून पाहिल्या गेल्या. आदिपर्वाच्या पहिल्या दोन अध्यायांसाठी तर 60. संपूर्ण कामात वापरलेल्या पोथ्यांची संख्या 1259 सांगितली जाते. एखाद्या विद्वानाचे खरे चित्र काढायचे झाले तर मी चित्रकाराला सांगेन की सिंह राहू दे, त्या कागदाचा एक चौकोन काढ, ज्यात कोणीतरी दुपारभर निरखून शेवटी एकच अक्षर भरले आहे.

या कामात एक गंमत आहे. ज्या पोथीत सारे सुबोध आणि सरळ, ती संपादकाला संशयास्पद वाटते. नकलणारा समोरचा अवघड शब्द न कळल्याने तिथे सोपा शब्द घालण्याची शक्यता असते. सोपा शब्द काढून अवघड घालण्याची फारशी नसते. म्हणून दोन पाठांपैकी कठीण तो बहुधा जुना. अडाणी नकलणारा चुका करतो आणि त्या ओळखू येतात. थोडेफार शिकलेला नकलणारा ‘दुरुस्त्या’ करतो आणि त्यांचा माग लावताना पुढच्यांच्या नाकी नऊ येतात. जुन्या पोथ्यांच्या शेवटी ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’ असा श्लोक पुष्कळदा येतो. जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध असो की अशुद्ध, दोष माझा नाही, असे म्हणून लेखनिक हात झटकतो. पूर्वी मला ही पळवाट वाटे. आता त्या वाक्याबद्दल आदर वाटतो, आणि आपल्याच ओसाड गावात बळी ठरलेल्या कितीतरी एरंडांना ते पाठ करायला लावावे असेही वाटते, ज्यांच्यात माझाही समावेश होतो.

महाभारताच्या संदर्भात विद्येचे आपल्याकडचे सर्वांत लाडके चित्र कोणते? व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहीत आहे. माझी लेखणी थांबता कामा नये, अशी गणपतीची अट. अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही, अशी व्यासांची उलट अट. आणि मग उसंत मिळावी म्हणून मधूनमधून पेरलेले कूट श्लोक. सांगणारा आणि लिहिणारा यांच्यातला इतका देखणा करार दुसरा मला ठाऊक नाही. समजल्याखेरीज लिहू नकोस, हे एकाच वाक्यातले संशोधनाचे व्याकरण आहे. आणि तरीही चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत ही गोष्ट नाही. पोथ्यांचा पुरावा तिला जुनी ठरवत नव्हता, म्हणून संपादकांनी ती उचलून परिशिष्टात ठेवली. हे करणारी माणसे त्या गोष्टीवरच वाढलेली होती. त्यांनाही ती आवडतच असणार. आवडते म्हणून आत ठेवायचे नाही आणि नको म्हणून फेकायचेही नाही, परिशिष्टात नीट छापून ठेवायचे, ही शिस्त मला कवटी आणि वाळूच्या घड्याळापेक्षा अधिक गंभीर वाटते. थोडी विनोदीही, कारण समजल्याखेरीज लिहू नये ही गणपतीने मान्य केलेली अट संपादकांनी पाळली आणि त्यापायी गणपतीचीच जागा बदलली.

या आवृत्तीचे प्रधान संपादक विष्णु सीताराम सुकथनकर हे मूळचे केंब्रिजला गणित शिकलेले. 1925 साली त्यांनी सूत्रे हाती घेतली, 1933 साली आदिपर्व पुरे केले, आणि 1943च्या जानेवारीत ते गेले. महाभारताची आवृत्ती पुरी झाली ती 1966 साली. इंग्रजीचा मोठा ऐतिहासिक कोश रचणारे जेम्स मरे 1915 साली वारले तेव्हा टी या अक्षराचे काम चालू होते. कोश संपला 1928 साली. आपण लावलेले काम आपल्या हयातीत संपणार नाही हे ठाऊक असूनही सकाळी उठून पुढचा शब्द घेणारी ही माणसे कशाच्या आधारावर उठत असतील, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कीर्ती हे उत्तर पुरत नाही. पुढच्या शब्दाबद्दलचे कुतूहल हे उत्तर साधे असले तरी मला अधिक खरे वाटते. मरे यांच्या कोशाचे एक गुपित मला विशेष आवडते: हजारो स्वयंसेवकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्यांतून तो रचला गेला आणि पहिल्या खंडाच्या वेळी एका शब्दाच्या चिठ्ठ्याच हरवल्या. त्यामुळे तो शब्द त्या खंडात आलाच नाही. दासी या अर्थाचाच तो शब्द होता. निसटून गेला असावा.

शब्दाचे कुतूहल कसे दिसते हे मी एकदा जवळून पाहिले आहे. आम्हाला शिकवणारे एक सर निवृत्तीनंतरही आमच्या शंकांना दार उघडे ठेवून होते. मी एका जुन्या शब्दाचा अर्थ विचारायला गेले होते. सर आरामखुर्चीत बसले होते आणि गुडघेदुखीमुळे त्यांना उठणे सोपे नव्हते. मी प्रश्न विचारताच ते म्हणाले, “पाहून सांगतो,” आणि खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले. कोशाचा खंड काढला, चष्मा कपाळावर सरकवला, पान डोळ्यांजवळ धरले, तो शब्द वाचला, त्याच्या आधीचा वाचला, नंतरचा वाचला. मग अर्थ सांगितला. मी धीर करून म्हटले, “सर, तुम्हाला तर हा पाठच असणार.” ते खंड जागेवर ठेवत म्हणाले, “पाठ होता, अगं. पण पाठ असलेल्याच गोष्टी चुकतात.” एवढे बोलून ते पुन्हा खुर्चीत बसले, आणि बसायला त्यांना उठण्याइतकाच वेळ लागला.

‘पाहून सांगतो’ हे दोन शब्द मी तेव्हापासून अनेकांच्या तोंडून ऐकण्याची वाट पाहत असते आणि ते फार क्वचित ऐकू येतात. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगून झाल्यावर पढतमूर्खासाठी वेगळा समास राखून ठेवला, त्यामागे त्यांचा अनुभव असणार. न शिकलेल्याला निदान आपल्याला माहीत नाही याची लाज तरी असते.

आता माझ्या लाजेविषयी. विद्यार्थिदशेत मी ग्रंथालयात बसून टाचणे काढत असे. जाड कागदाचे तुकडे, एका बाजूला मजकूर, खाली ग्रंथ, लेखक, पृष्ठ. त्यातल्या एका टाचणावर एक अतिशय सुंदर वाक्य आहे, एका नामवंत विद्वानाच्या नावावर. ग्रंथ नाही, पृष्ठ नाही. त्या दिवशी दिवे मालवण्याची वेळ झाली असेल, किंवा उद्या लिहू असे वाटले असेल. पुढे एका लेखात मी ते वाक्य त्यांच्या नावाने वापरले, तेही ठणकावून. लेख छापून आल्यावर एका वाचकाने दोन ओळींचे पत्र पाठवले: हे त्यांनी कुठे म्हटले आहे, कृपया कळवावे. पत्रात उपरोध अजिबात नव्हता, आणि तेच जास्त लागले. मी त्या विद्वानांचे उपलब्ध असलेले सारे ग्रंथ चाळले. महिने गेले. वाक्य सापडले नाही. वाचकाला मी काय उत्तर दिले? बरेच दिवस काहीच दिले नाही, आणि दिले तेव्हा ‘संदर्भ तूर्त हाताशी नाही’ असे लिहिले, जे शब्दाला शब्द खरे आणि तरीही खोटे होते.

त्या शोधाचा एक फायदा झाला. ते वाक्य शोधण्यासाठी ज्यांना ज्यांना विचारले, त्यातून एक लहानसा गोतावळा जमला. कोणी पान सुचवले, कोणी काही अंक चाळून पाहिले, एकीने स्वतःच्या टाचणांची खोकी उपसली. ‘आचार्यात् पादमादत्ते’ हा श्लोक मला पाठ होता: शिष्य पाव हिस्सा गुरूकडून घेतो, पाव स्वतःच्या बुद्धीने, पाव सोबत्यांकडून आणि पाव काळाच्या ओघात. अनुभवाने तो कळला तेव्हा ध्यानात आले की त्यात स्वतःच्या बुद्धीला अवघा पावच वाटा आहे. मध्ययुगातला तत्त्वज्ञ आणि वैद्य इब्न सीना याने आत्मवृत्तात लिहिले आहे की अ‍ॅरिस्टॉटलचा तत्त्वमीमांसेवरचा ग्रंथ त्याने 40 वेळा वाचला, तो पाठ झाला, पण समजला नाही. मग बुखाऱ्याच्या बाजारात पैशांची नड असलेल्या कोणाचे एक पुस्तक विक्रेत्याने त्याच्या गळ्यात मारले, 3 दिरहमला. ते निघाले आधीच्या पिढीतला तत्त्वज्ञ फाराबी याचे, त्याच ग्रंथाचा हेतू उलगडणारे लिखाण. घरी जाऊन वाचले आणि सारे उमगले. दुसऱ्या दिवशी त्याने आनंदाने दानधर्म केला. 40 पारायणांना जे जमले नाही ते एका पूर्वसूरीच्या छोट्या पुस्तकाने केले. स्वतःच्या बुद्धीबद्दल त्या आत्मवृत्तात इब्न सीना जराही संकोच करत नाही, म्हणून तर ही कबुली अधिक मोलाची.

आणि हा सोबत्यांचा पाव हिस्सा ज्यांना नाकारला गेला, त्यांचे काय? अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. लक्ष्मीबाईंनी ते मुलीला शिकवले. त्या मुलीला कलकत्त्याच्या विद्वानांनी 1878 साली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. रमाबाईंचे ते पांडित्य आईच्या तोंडून कानावर पडत पडत आले. त्या शिकवणीचे चित्र कोणी काढलेले माझ्या पाहण्यात नाही. ते असते तर त्यात फडताळ नसते, मेज नसते, काढून ठेवायला वेगळे जोडेही नसते. एक बाई म्हणते आहे आणि एक लहान मुलगी तिच्यामागून म्हणते आहे, एवढेच.

ते टाचण माझ्याकडे अजून आहे. कागद पिवळा पडला आहे, शाई मात्र काळीभोर. गेल्या वर्षी एका जुन्या व्याख्यानसंग्रहात तेच वाक्य थोड्या फरकाने अचानक समोर आले, आणि ते भलत्याच माणसाच्या नावावर होते. तिथेही पृष्ठ नव्हते, ‘कोणीसे म्हटले आहे’ या थाटात ते आले होते. मी टाचण काढले, पहिल्या नावाखाली दुसरे नाव लिहिले आणि दोन्ही नावांखाली पेन्सिलीने नागमोडी रेघा ओढल्या. मग त्या वाचकाचे पत्र शोधून काढले. पत्ता अजून तोच असेल की नाही याची खात्री नव्हती, तरी सविस्तर उत्तर लिहिले: वाक्य त्यांचे असल्याचा आधार मला मिळालेला नाही, दुसऱ्या एका नावाने ते आढळते, तिथेही आधार नाही, मिळाला तर कळवीन. पृष्ठासाठी टाचणाच्या खालच्या कोपऱ्यात जागा रिकामी ठेवली आहे.